पायडलमधला कपॅसिटर फुटला, पंख्याचा कंडेन्सर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं १९७०च्या दशकातलं जर्मन बनावटीचं विजेवरचं शिलाई मशीन बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. खाली काढून, पुसून, तेल घालून लावलं. दहा-पंधरा मिनिटं छान चाललं. मग पायडलवर पाय नसतानाच ते पूर्ण वेगाने पळू लागलं, फट् असा आवाज झाला आणि पायडलमधून धूर आला. उघडल्यावर आत तडे गेलेला, पिवळट पारदर्शक आवरणाचा ठोकळा दिसला. त्यावर ०,१ आणि २५० एवढंच वाचता येतंय. एमसीबी पडली नाही. दुकानदाराने पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (कपॅसिटरलाच बाजारात कंडेन्सर म्हणतात) हातात ठेवला, वर सांगितलं की हा ४४० व्होल्टचा, म्हणजे जास्त दणकट. वायरमन म्हणतो, तो कापून टाका, त्याच्याशिवाय मशीन चालतं. आता ऐकायचं कोणाचं?

वायरमनचं अर्धं बरोबर आहे. दुकानदाराचं पूर्ण चूक आहे. पंख्याचा कंडेन्सर लावू नका, योग्य भाग मिळेपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल. बाजारात योग्य भाग दहा-वीस रुपयांत मिळतो, त्यामुळे जुगाडाची गरजच नाही. फक्त तो कुठे जोडलेला होता हे आधी कळायला हवं, कारण खरेदी त्यावर ठरते.

हा कपॅसिटर मोटर चालवण्यासाठी नसतो. पंख्याच्या मोटरला फिरायला कंडेन्सर लागतो. शिलाई मशीनची मोटर मिक्सरसारखी, कार्बन ब्रशची असते, ती त्याच्याशिवाय फिरते. इथे त्याचं काम ठिणग्या आणि त्यातून होणारा रेडिओ-टीव्हीचा खरखराट दाबण्याचं. पण तो थेट मेन लाइनवर बसतो, वर्षानुवर्षं २३० व्होल्ट झेलतो आणि लाइनवर येणारे हजार-दोन हजार व्होल्टचे क्षणिक झटकेही त्यालाच सोसावे लागतात. म्हणून त्याची जातच वेगळी ठेवलेली आहे. तिला सेफ्टी कपॅसिटर म्हणतात आणि तिच्यात दोन गट आहेत. फेज आणि न्यूट्रलच्या मधे बसतो तो एक्स गट: हा बिघडला तर आग लागू शकते. फेज किंवा न्यूट्रलपासून अर्थला, म्हणजे धातूच्या अंगाला जोडला जातो तो वाय गट: हा बिघडला तर माणसाला शॉक बसू शकतो. घरगुती वस्तूंत बहुधा एक्स२ आणि वाय२ हे उपप्रकार येतात. एक्स२ची चाचणी अडीच हजार व्होल्टच्या झटक्याने होते, वाय२ची पाच हजारांच्या. वाय बिघडला तर जीवावर बेतू शकतं, म्हणून त्याची कसोटी कडक.

आता तुमच्या मशीनला काय झालं ते पाहू. पायडल सोडलेलं असताना मशीन पळालं, यावरून मला जवळजवळ खात्री वाटते की कपॅसिटर पायडलमधल्या संपर्काला समांतर जोडलेला होता. त्या काळच्या बऱ्याच पायडलमध्ये कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पाय दाबला की चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात, रोध कमी होतो आणि वेग वाढतो. पाय सोडला की संपर्क उघडतो. उघडताना ठिणगी पडते, ती झेलायला कपॅसिटर संपर्काच्या दोन टोकांना लावलेला असतो. तो शॉर्ट झाला की संपर्क कायमचा मिटल्यासारखाच झाला. मधे रोध नाही, मोटर थेट लाइनवर, मशीन पूर्ण वेगात. एमसीबी का पडली नाही याचंही उत्तर यातच आहे. शॉर्ट झालेल्या कपॅसिटरच्या पुढे मोटर मालिकेत होती, त्यामुळे करंट मोटरच्या नेहमीच्या भुकेएवढाच, म्हणजे ०.३-०.४ अँपियर राहिला. ६ अँपियरच्या एमसीबीच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

(अशा वेळी मशीन थांबवायला पायडलशी झटापट करायची नाही आणि सुईजवळ हात न्यायचा नाही. थेट भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि प्लग काढायचा.)

फेज-न्यूट्रलच्या मधे असलेला कपॅसिटर बिघडला की चित्र वेगळं दिसतं. पूर्ण शॉर्ट झाला तर एमसीबी पडते किंवा फ्यूज उडतो, आणि तो बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे अर्धवट गळती. समजा त्यातून अर्धा अँपियर वाहू लागला. २३० गुणिले अर्धा म्हणजे ११५ वॅट उष्णता, तीही अंगठ्याएवढ्या ठोकळ्यात. एमसीबीला अर्धा अँपियर म्हणजे काहीच नाही, ठोकळा मात्र धुमसत राहतो. आणि असा कपॅसिटर भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत लाइनवरच असतो, शिवणारा उठून गेलेला असला तरी. म्हणून जुनं मशीन वापरून झालं की प्लग काढा असं सांगतात.

तो आत्ताच का फुटला? तुम्ही वर्णन केलेला पिवळट, आतली गुंडाळी दिसणारा ठोकळा म्हणजे मेटलाइज्ड पेपर कपॅसिटर. दुरुस्तीवाल्यांमध्ये हा 'रिफा' या नावाने ओळखला जातो. कागदावर धातूचा अतिशय पातळ थर, वर इपॉक्सीचं आवरण. कागदाचा गुण असा की झटक्याने कुठे भोक पडलं तर त्याभोवतीचा धातू जळून जातो आणि दोष आपोआप तुटतो. पण काही दशकांत इपॉक्सीला केसासारखे तडे जातात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि कागद ती शोषून घेतो. कोकण-गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या चार-पाच पावसाळ्यांत माळ्यावर पडलेल्या मशीनला हे हमखास होतं. मग लाइन मिळाल्यावर गळती सुरू होते, गळतीने उष्णता, उष्णतेने आणखी गळती. म्हणूनच बंद पडून राहिलेली मशीनं लावल्यावर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच धूर काढतात. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर तोही भर घालतो. त्याच्या लहरीच्या उभ्या कडांमुळे कपॅसिटरमधून नेहमीपेक्षा बराच जास्त करंट जातो.

पंख्याच्या कंडेन्सरचा हिशेब मांडून बघा. ५० हर्ट्झला २३० व्होल्टवर ०.१ मायक्रोफॅरडमधून सुमारे ७.२ मिलिअँपियर वाहतो. अडीच मायक्रोफॅरडमधून २५ पट, म्हणजे सुमारे १८० मिलिअँपियर. तुमच्या जोडणीत कपॅसिटर संपर्काला समांतर आहे, त्यामुळे पाय उचललेला असतानाही हा १८० मिलिअँपियर मोटरमधून वाहत राहील. म्हणजे तिला लागणाऱ्या करंटच्या जवळजवळ निम्मा. मोटर नुसती गुणगुणत तापत बसेल, किंवा सैल मशीन असेल तर हळूहळू फिरूही लागेल. शिवाय पायडल दाबल्याबरोबर भरलेला कंडेन्सर संपर्कावर एकदम रिकामा होईल आणि संपर्क खाऊन टाकेल. फेज-न्यूट्रलच्या मधे लावला तर आणखी एक भर: प्लग काढल्यावरही त्याच्या पिनांवर चांगला चटका बसेल एवढा भार उरू शकतो. पंख्यात हा कंडेन्सर गुंडाळीच्या मालिकेत असतो, थेट लाइनवर नसतो. ४४० हा आकडा मोठा असला तरी तो लाइनवरचे झटके सोसून आग न लावता मरेल याची हमी देत नाही.

असाच दुसरा सापळा म्हणजे '१०४, ४०० व्होल्ट' लिहिलेला तपकिरी किंवा लाल फिल्म कपॅसिटर. जुन्या सीएफएलच्या किंवा टीव्हीच्या बोर्डवर हा पैशाला पासरी सापडतो. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडच, आकडा जुळतो, ४०० व्होल्टही लिहिलेले असतात, मग अडलं कुठे? ते ४०० व्होल्ट डीसीचे असतात. घरातल्या २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टला जातं, तेही सेकंदाला शंभर वेळा, आणि झटके वेगळेच. ६३० व्होल्ट डीसी लिहिलेलाही तसाच बाद. नियम सोपा आहे: अंगावर रोमन लिपीत एक्स आणि त्यापुढे दोनचा (किंवा एकचा) आकडा नसेल तर तो लाइनवर लावायचा नाही.

आता जोडणी ओळखू. प्लग काढा, पायडलची वायर मशीनपासूनही सोडवा. मोटर जोडलेली राहिली तर तिच्या गुंडाळीचा रोध मीटरला फसवतो. पायडलचे स्क्रू बहुधा खालच्या बाजूला, कधी रबरी पायांच्या आत लपलेले असतात. झाकण निघाल्यावर काहीही हलवण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. नंतर कपॅसिटरचे पाय तोडा आणि त्याच्या दोन रिकाम्या जागांवर मल्टिमीटर लावा, ओममध्ये. पायडल हाताने हळूहळू दाबा. आकडा अनंतावरून खाली उतरत गेला तर कपॅसिटर संपर्काला समांतर होता. पायडल दाबून काहीच फरक पडला नाही, आणि दोन जागा प्लगच्या दोन पिनांशी थेट बोलत असतील, म्हणजे मीटर बझरवर ठेवल्यावर वाजत असेल, तर तो फेज-न्यूट्रलच्या मधे होता. एक टोक पायडलच्या धातूच्या कवचाला किंवा हिरव्या-पिवळ्या तारेला जात असेल तर ती वायची जागा.

पायडलमध्ये चकत्यांऐवजी छोटं सर्किट बोर्ड आणि ट्रायॅक (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) दिसला तर थांबा. त्या काळच्या काही मशीनांत असे पायडल असतात. त्यात दोन-तीन कपॅसिटर असतात आणि त्यातला एक वेग ठरवणारा असतो. लाइनवरचा ओळखून तेवढाच बदलायचा. बाकीच्यांना उगाच हात लावलात तर मशीन हळू चालत नाही किंवा एकदम झेप घेतं. ट्रायॅकच्या शेजारचा, रोधाबरोबर मालिकेत असलेला कपॅसिटर 'कापून टाका' या सल्ल्याला अपवाद आहे. तो काढला तर ट्रायॅक नको तेव्हा चालू होऊ शकतो.

त्या काळच्या जर्मन भागांवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. तुमचं '०,१' म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. त्यापुढे ओमचं चिन्ह आणि १०० किंवा तसा आकडा दिसतोय का, भिंग घेऊन बघा. काही ठोकळ्यांत कपॅसिटर आणि रोध एकत्र भरलेले असतात. संपर्क मिटताना कपॅसिटर एकदम रिकामा होऊ नये म्हणून तो रोध असतो. तसं असेल तर नवा कपॅसिटर आणि तेवढ्याच ओमचा, अर्धा ते एक वॅटचा, न पेटणाऱ्या जातीचा रोध मालिकेत लावा.

पुष्कळ मशीनांत ०,१ च्या पुढे '+ २ × २५००' आणि पिकोफॅरडचं चिन्ह असतं. तुमच्या ठोकळ्याला दोनच पाय असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. तीन किंवा पाच तारा असतील तर मात्र नीट वाचा, गडबड होते ती इथेच. हा एकाच डबीत तीन कपॅसिटर भरलेला प्रकार: फेज-न्यूट्रलच्या मधे एक एक्स, आणि फेजपासून अर्थला व न्यूट्रलपासून अर्थला प्रत्येकी एक वाय. तसा जोड भाग मिळाला नाही तर सुटे तीन लावता येतात: एक ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ आणि दोन २२०० पिकोफॅरडचे वाय२. २५०० ऐवजी २२०० बेलाशक चालतात, बाजारात तेच सापडतात, अंगावर २२२ लिहिलेलं असतं. पाच तारांच्या डबीत चार तारा म्हणजे दोन जोड्या असतात: फेज आत येतो आणि त्याच डबीतून पुढे जातो, न्यूट्रलही तसाच. डबी काढल्यावर या जोड्या बाहेरून एकमेकींना जोडून द्याव्या लागतात. नाहीतर मशीन साफ बंद, आणि माणूस मोटर जळाली म्हणून ती उघडत बसतो. कोणत्या दोन तारा एका जोडीच्या हे जुन्या डबीवरच बझर लावून कळतं, म्हणून काम पुरं होईपर्यंत डबी फेकू नका.

वायच्या जागी काय लावता याबाबत अजिबात सैलपणा नको. २५०० पिकोफॅरडमधून अर्थकडे सुमारे ०.१८ मिलिअँपियर जातो. अर्थ तुटलेली असली तर अंगाला जेमतेम मुंग्या येतील एवढाच. चुकून तिथे ०.१ मायक्रोफॅरड लागला तर ७.२ मिलिअँपियर. तो चांगलाच झोंबतो आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) त्याला पडत नाही. वाय२ कपॅसिटर एक्सच्या जागी चालतो, एक्स मात्र वायच्या जागी कधीच नाही. निळ्या चकतीसारखे सिरॅमिक कपॅसिटर दिसायला सारखेच असतात. २ किलोव्होल्ट लिहिलेलं पुरत नाही, वाय हे अक्षर अंगावर हवं.

मशीनला दोन पिनांचा प्लग असेल, अर्थची तारच नसेल, तर? इथे मतं वेगळी असू शकतात. माझा कल स्पष्ट आहे: अर्थ नसेल तर वाय लावायचे नाहीत, फक्त एक्स लावायचा. दोन वाय मधोमध धातूच्या अंगाला जोडले आणि अंग अर्थला नसलं, तर ते अंग लाइनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. टेस्टर पेटतो, ओल्या पायाने हात लावला की मुंग्या येतात, आणि उद्या एक वाय शॉर्ट झाला तर पूर्ण फेज अंगावर. वाय गाळल्याने थोडा खरखराट वाढेल, तोही एएम रेडिओ ऐकणाऱ्यालाच जाणवेल. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण असेल तर स्वतःहून अर्थ जोडण्याच्या भरीला पडू नका. धातूचं अंग आणि खूण नाही, अशा मशीनला तीन तारांची वायर टाकून अर्थ देता येते. पण ते काम जाणत्याकडून करून घ्या, आणि घरातली अर्थिंग खरोखर आहे की नुसती पिनपुरती हे आधी तपासून घ्या.

खरेदी करताना दुकानात एवढंच सांगा: ०.१ मायक्रोफॅरड, एक्स२, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून जास्त, पॉलिप्रोपिलीन फिल्मचा. ३०५ किंवा ३१० व्होल्टचा मिळाला तर उत्तम. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढतं तेव्हा तेवढी सैल जागा उपयोगी पडते. चौकोनी, बहुधा पिवळा किंवा करडा ठोकळा असतो. पायांमधलं अंतर १५ किंवा २२.५ मिलिमीटर, पायडलमध्ये जागा कमी असेल तर १५चा घ्या. अंगावर व्हीडीई किंवा यूएलसारख्या चाचणी संस्थांच्या खुणा असतात. मायक्रोफॅरडचा आकडा २० टक्के इकडेतिकडे चालतो. संपर्काला समांतर असेल तर मूळ आकड्यापेक्षा मोठा घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो. बोर्डवरून काढलेला नको, आणि जुन्या साठ्यातला 'कधीच न वापरलेला' पिवळट पारदर्शकही नको. फडताळात पडूनही त्याला तडे जातातच. चार-पाच घेऊन ठेवा. मशीनच्या पोटात, मोटरजवळ किंवा वायर जिथे आत शिरते तिथे, बहुधा आणखी एक असतो. त्याचंही वय तेवढंच, तोही आत्ताच बदलून टाका. तो मीटरवर ०.१ दाखवेल, म्हणून फसू नका. मीटर काही व्होल्टवर मोजतो, लाइनवर काय होईल हे त्याला दिसत नाही. जुन्या कागदी कपॅसिटरला तडा दिसला की तो बाद.

बसवण्याआधी साफसफाई, आणि ही पायरी लोक गाळतात. फुटताना उडालेला तपकिरी चिकट थर आणि काजळी सगळीकडे बसलेली असते. काजळी म्हणजे कार्बन, म्हणजे वाहक. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसा. बेकलाइटवर काळी जळकी रेघ उमटली असेल तर ती ब्लेडने खरवडून खालचा स्वच्छ भाग येऊ द्या, नाहीतर पुढची ठिणगी त्याच वाटेने जाते. कार्बनच्या चकत्यांवर मात्र द्रव सांडू नका. चकत्या काढल्याच तर त्याच क्रमाने परत घाला. संपर्क काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवणं पुरे, कानस नको. वायरचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर वायरही बदला. एवढं उघडलंय तर ते पुन्हा झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

बसवताना कपॅसिटरचे पाय आधी टर्मिनलभोवती वळवून घट्ट करा, मग सोल्डरचा डाग द्या. नुसत्या डागावर लोंबता ठेवायचा नाही, पायडलला रोज धक्के बसतात. उघड्या पायांवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) किंवा फायबरची स्लीव्ह. पीळ देऊन वर टेप गुंडाळणं इथे चालत नाही. पायडल आतून तापतं, टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप उलगडतो. मूळ जोडणी स्क्रूच्या टर्मिनलची असेल तर डाग न देता तिथेच आवळा. ठोकळा चकत्यांच्या नळीला किंवा रोधाच्या तारेला टेकता कामा नये. पॉलिप्रोपिलीनची मर्यादा साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअस असते, त्या नळ्या बराच वेळ शिवल्यावर चांगल्या तापतात. उघड्या लाइनपासून धातूच्या कवचापर्यंत किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवा. केबल टायने किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच्या थेंबाने पक्का करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते नको. झाकण लावण्याआधी पायडल पूर्ण दाबून बघा, हलणारी पट्टी कपॅसिटरला घासतेय का. एक्स आणि वाय दोघांनाही प्लस-मायनस नसतं, कसाही लावा.

तपासणी थेट प्लगला नाही, आधी सिरीज बोर्डवर. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब मालिकेत असलेला बोर्ड बहुतेक वायरमनकडे असतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. कपॅसिटरमधून जाणाऱ्या सात मिलिअँपियरवरही तो मिणमिणतो आणि नसलेला दोष दाखवतो. मशीनवरचा दिवा काढून ठेवा, नाहीतर तोच गोंधळ घालेल. पायडल सोडलेलं असताना सिरीजचा बल्ब पूर्ण विझलेला हवा. हळू दाबल्यावर बल्बची तार लाल होत जाईल आणि मोटर मंद फिरेल. पाय न लावता बल्ब पेटला तर जोडणी चुकलीय. दाबल्यावर बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर जागची हलली नाही, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. चाक हाताने फिरवून आधी जाम नाही ना हे बघा. जुनं तेल वर्षानुवर्षांनी डिंकासारखं घट्ट होतं आणि मशीन आवळून धरतं.

कोणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं उपकरण) असेल तर बोर्डवर लावण्याआधीच फेज-न्यूट्रल एकत्र बांधून ते आणि धातूचं अंग यांच्यात मोजा, पायडल दाबून धरून. २ मेगाओमपेक्षा जास्त हवं, निरोगी मशीन त्याच्या बरंच वर दाखवतं. ओलसर जागेतून आलेलं मशीन कमी दाखवू शकतं. तसं असेल तर मोटर दोन-तीन दिवस उन्हात किंवा ६० वॅटच्या बल्बखाली वाळवून पुन्हा मोजा. आकडा तरीही वर सरकला नाही तर दोष मोटरमध्ये आहे आणि ते वेगळं काम आहे.

हे सगळं पार पडलं की थेट लाइनवर पंधरा मिनिटं, समोर बसून, थांबत थांबत चालवा. मग प्लग काढून पायडल उघडा आणि कपॅसिटरला बोट लावा. तो कोमट नव्हे, गार हवा. शेजारची कार्बनची नळी गरम लागली तर ते नेहमीचंच.

वायरमनचा सल्ला उरला. आज रात्री ब्लाऊज पुरा करायचाच असेल आणि पायडल चकत्यांचं असेल, तर फुटलेला कपॅसिटर काढून, जागा साफ करून, पाच तारांची डबी असेल तर जोड्या जोडून, मशीन तात्पुरतं चालवता येतं. संपर्कावर ठिणग्या जास्त पडतील, शेजारचा रेडिओ खरखरेल, दोन-चार दिवसांत काही बिघडणार नाही. कायमचं तसंच ठेवलं तर संपर्क लवकर झिजतात. मग पायडल अडकू लागतं आणि मशीन पुन्हा आपोआप पळू लागतं, या वेळी मिटून चिकटलेल्या संपर्कामुळे.

ठोकळ्याला पाय किती आहेत आणि पायडलमधून एकूण किती तारा बाहेर जातात, एवढं मोजून सांगा. पायडल उघडंच असेल तर कपॅसिटर काढण्याआधीचा फोटोही ठेवा, पाच तारा निघाल्या तर जोड्या कशा लावायच्या ते त्यावरून नेमकं सांगता येईल.